बासष्ट खाटा, एकशे तीन ओळी

त्या मंगळवारी एक्केचाळीस माणसं जेवायला आलीच नाहीत, कारण ती माणसं नव्हतीच. त्या होत्या ओळी. पण हे उघड व्हायला दुपारचा एक वाजला. तोवर रुग्णालयाच्या भटारखान्यात त्यांच्या वाटणीचं गाजराचं सूप उकळून, झाकून, त्यांची वाट बघत बसलं होतं.

ओळींची माणसं केली ती संगणकवाल्याने. सगळे त्याला ‘इंजिनीअर’ म्हणत. तो इंजिनीअर नव्हता; लहान गावच्या कॉलेजातून डिप्लोमा करून आलेला होता, आणि प्रिंटरात अडकलेला कागद न फाटता बाहेर काढणं हा त्याचा हातखंडा. सुरुवातीला तो ‘मी इंजिनीअर नाही’ असं सांगत असे. मग त्याने पाहिलं, की खरं सांगितल्यावर लोक आणखी कौतुकाने बघतात. तेव्हा त्याने ते सोडून दिलं.

हे सूपप्रकरण घडलं ते ताईंच्या यादीपायी. ताई म्हणजे रुग्णांच्या जेवणाची यादी करणाऱ्या बाई. तोंडावर सगळे त्यांना ताई म्हणत आणि पाठीमागे टाचणीबाई. याला कारणं दोन. एक म्हणजे त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या कॉलरीवर कायम सात-आठ टाचण्या खोचलेल्या असत. यादीतून प्रत्येक खाटेची चिठ्ठी कापायची आणि त्या खाटेच्या ताटावरच्या रुमालाला टोचायची, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा रिवाज. दुसरं कारण त्यांच्याशी दोन मिनिटं बोललं की आपोआप कळे.

सव्वीस वर्षांपूर्वी त्या इथे ताटं वाढायला लागल्या. तेव्हा यादी म्हणजे खाटेचा नंबर आणि पुढे ‘साधं’ किंवा ‘पथ्याचं’ एवढाच शब्द. ताईंना ते पटेना. पथ्याचं म्हणजे कोणतं? ज्याला गिळता येत नाही त्याचं, की ज्याला गिळायचं नाही त्याचं? त्यांनी नंबरापुढे आपलं एक वाक्य लिहिलं. मग दुसरं. पाच वर्षांत यादी त्यांच्याकडे आली, कारण त्यांच्या वाक्यांखेरीज कुणाला वाढताच येईना. रोज सकाळी साडेसहाला त्या बासष्टच्या बासष्ट खाटांपाशी जाऊन येत आणि मग तळमजल्यावरच्या आपल्या खोलीत बसून लिहीत. या खोलीला भटारखान्याकडे उघडणारी एक खिडकी होती. लिहून झालं, की आठच्या ठोक्याला ताई त्या खिडकीतून ओरडत, “बासष्ट!” पलीकडून आचारीकाका कढईवर डाव आपटून ओरडत, “बासष्ट!” एखादी खाट रिकामी असली तर एकसष्ट, साठ. मग चुली पेटत.

ताईंचे यजमान निवृत्त बसड्रायव्हर. ते एकदा ताईंचा विसरलेला चष्मा द्यायला आले होते. संगणकवाल्याने त्यांना विचारलं, “घरी काय थाट असेल काका! खाटेखाटेची आवडनिवड सांभाळणारं माणूस घरात!”

“आमच्याकडे यादी नाही,” यजमान हळूच म्हणाले. “त्यामुळे मीठ कमी आहे हे लिहायला जागा नाही.”

“मी ऐकतेय,” खिडकीतून आवाज आला.

“चव छान असते,” यजमान म्हणाले आणि निघाले.

तर अशा ताईंचं रजिस्टर बंद करून त्यांना संगणकावर बसवायचं, असं वरून ठरलं आणि काम संगणकवाल्याच्या गळ्यात पडलं. त्याने तीन दिवसांत एक छोटा प्रोग्राम लिहिला. छोटा म्हणजे एक खिडकी, तिच्यात लिहायला एक मोठा चौकोनी खोका आणि खाली ‘पाठव’ असं बटण. एका खाटेचं लिहून झालं की एन्टर मारायचं आणि पुढच्या खाटेकडे जायचं. ‘पाठव’ दाबलं की चिठ्ठ्या छापून येत आणि भटारखान्यातल्या छोट्या प्रिंटरवर नुसता आकडा उमटे, आज ताटं किती.

“आता ओरडायची गरज नाही, ताई,” त्याने मोठेपणाने सांगितलं.

“मी ओरडत नव्हते. मी सांगत होते,” ताई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून आठचा ठोका मुका झाला.

पहिल्याच आठवड्यात ताईंची तक्रार आली. खोका जेवढा रुंद, तेवढंच दिसे. ताईंचं वाक्य त्याहून लांब. ते उजव्या भिंतीत शिरून पलीकडे जाई.

“अरे, मी लिहिते ते जातं कुठे?”

“पुढे असतं ताई. बाण दाबत गेलं की दिसतं.”

“दाबत गेलं की सुरुवात दिसत नाही. शेवटी येईपर्यंत कुणाबद्दल लिहीत होते तेच विसरते. परवा बारा नंबरच्या आजोबांना बाळंतिणीचं दूध लिहून बसले होते!”

उपाय सोपा होता. अशा खोक्याला एक खोड लावता येते, वर्ड रॅप म्हणतात तिला. ओळ कडेला पोचली की ती आपसूक खाली वळते. लिहिलेल्यात काही बदलत नाही. नुसतं दिसायला दुमडतं. संगणकवाल्याने सोमवारी निघता निघता एक शब्द बदलला, प्रोग्राम नव्याने चालू करून दाखवला आणि ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्याला “हुशार आहेस” म्हटलं. तिथेच त्याने सावध व्हायला हवं होतं.

कारण ताटांचा आकडा कुठून यायचा? प्रोग्राम खोक्याला विचारायचा, “बाबा, तुझ्यात ओळी किती?” खोका प्रामाणिक. त्याला जेवढ्या दिसत तेवढ्या तो सांगे. सोमवारपर्यंत त्याला बासष्ट दिसत होत्या. मंगळवारी ताईंची लांबलचक वाक्यं दुमडून दोन-दोन, तीन-तीन ओळींची झाली आणि खोक्याने खाली मान घालून सांगितलं, एकशे तीन.

ताई ‘पाठव’ दाबून वरच्या मजल्यावर गेल्या होत्या. आकडा थेट आचारीकाकांच्या हातात पडला. आता कुणी म्हणेल, काकांना कळायला नको? रोज बासष्ट, आज एकदम एकशे तीन? पण काकांचा नियम पक्का होता: आकडा ताईंचा, मीठ माझं. ताईंच्या आकड्यावर शंका घ्यायची नाही, ताईंनी मिठावर घ्यायची नाही. वीस वर्षं ही दोस्ती याच तहावर टिकली होती. काकांनी कागद दोनदा वाचला, “काय गावच आजारी पडलं की काय,” असं पुटपुटले, आणि माळ्यावरचं मोठं पातेलं खाली काढलं.

एक वाजता एक्केचाळीस भरल्या वाट्या ओळीने मांडून काका विचारत होते, “हे कुठल्या मजल्यावर?”

*

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. दोन वाजेपर्यंत रुग्णालयात असा माणूस नव्हता ज्याने घोटभर सूप प्यायलं नाही. पहारेकरी प्यायले, सिस्टर प्यायल्या, भेटायला आलेले नातेवाईक प्यायले आणि ‘इथे फार आदरातिथ्य आहे’ असं सांगत गेले. संगणकवाला कोपऱ्यात उभा राहून आपली चूक समजावून सांगत होता. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे माणसं किती होती?”

“बासष्टच.”

“आणि बाकीची?”

“ती वळलेली वाक्यं होती, काका.”

“वळलेली वाक्यं,” काका म्हणाले. “वीस वर्षांत माझ्या हातून एक वाटी वाया गेली नाही. आज मी वाक्यांना जेवायला घातलं. आता ऐक. एक्केचाळीस वाट्या तुझ्या नावावर. रोज जेवायच्या सुट्टीत इथे यायचं आणि एक वाटी प्यायची. माझ्यासमोर. फिटेपर्यंत.”

“रोज गाजराचंच असतं का?”

“तुझ्यासाठी असेल.”

इथवर हसण्यावारी निभावलं होतं. पण सुपाचा वास वर मॅनेजरसाहेबांच्या खोलीपर्यंत गेला होता. साहेब खाली आले, पडद्यावरची यादी बघितली आणि वाचत उभे राहिले.

‘खाट ४. मीठ कमी. भूक नाही म्हणतील, विश्वास ठेवू नये. ताट ठेवून निघून यावं, दहा मिनिटांनी रिकामं मिळतं.’

‘खाट ११. डावा हात चालत नाही. पावाचे तुकडे करून द्यावेत, पण त्यांच्यासमोर नाही. बाहेरच करून आणावेत आणि पाव असाच आला असं दाखवावं.’

‘खाट १७. साखर बंद. सून बिस्किटं आणते. उशीखाली बघावं.’

‘खाट २३. निवृत्त मास्तर. सूप परत पाठवतात, गार असलं तरी, गरम असलं तरी. दुसऱ्यांदा तेच द्यावं.’

“ही यादी आहे की कादंबरी?” साहेब म्हणाले. “ताई, एका खाटेला एक ओळ. उद्यापासून आकडे. मीठ कमी म्हणजे एक, साखर बंद म्हणजे दोन, मऊ म्हणजे तीन, पातळ म्हणजे चार. बाकीचे शेरे बंद. आणि तू,” ते संगणकवाल्याकडे वळले, “शनिवारी हे मला नीट बसवून दाखव. एका खाटेची एक ओळ मला सरळ दिसली पाहिजे. नाही दिसली तर शेरे कायमचे गेले असं समजा.”

संगणकवाल्याला वाटलं, आता ताईंची टाचणी बाहेर निघणार. तो मनातून वाट बघत होता. पण ताईंनी कॉलरीतली एक टाचणी काढली, परत तिथेच खोचली. “बरं,” म्हणाल्या.

ते ‘बरं’ ऐकून त्याला सूप जड गेलं.

*

बुधवारी साडेसहाला तो ताईंच्या मागोमाग वर गेला. बोलावलं कुणी नव्हतं.

“तुझा संगणक वर नाही,” ताई जिन्यातच म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“मग पाय आपटत चालू नकोस. झोपलेत लोक.”

ताई प्रत्येक खाटेपाशी अर्धा-पाऊण मिनिट थांबत. ‘जेवण कसं होतं’ असं एकदाही विचारत नव्हत्या. एकाला विचारलं, काल मॅच कोण जिंकलं. एकीला म्हणाल्या, “केस छान विंचरलेत, कुणी?” आणि तिने “मीच” म्हटल्यावर पुढे चालत हलकेच म्हणाल्या, “उजवा हात वर जायला लागला. उद्यापासून मोठा चमचा.” अकरा नंबरचे गृहस्थ सुतार होते, मोठ्ठे, भरदार मिशांचे. त्यांचा डावा हात पांघरुणावर एखाद्या विसरलेल्या हत्यारासारखा पडलेला. ताईंनी त्यांच्याशी खिडकीच्या चौकटीबद्दल चर्चा केली. लाकूड कसलं, रंधा नीट फिरलाय का. सुतार पाच मिनिटं खिडकीला शिव्या देत होते आणि खूश होते.

त्या दुपारी अकरा नंबरच्या चिठ्ठीवर एवढंच होतं, ‘३’. तीन म्हणजे मऊ. वाढप्याने पाव दुधात कालवून, चमचा घालून, गळ्याला रुमाल बांधायला काढला. सुतारांनी ताट उजव्या हाताने जे सारलं ते थेट सिस्टरांच्या पायाशी. चार नंबरच्या आजी ‘भूक नाही’ म्हणाल्या. नव्या वाढपिणीने मोठ्या सौजन्याने ताट परत आणलं. मास्तरांचं सूप तीनदा वरखाली झालं. एकूण एकोणीस ताटं न शिवता खाली आली.

आचारीकाका त्या ताटांकडे बघत राहिले. “माझ्या मिठाचं काही चुकलं का, बाई?”

“मीठ बरोबर आहे,” ताई म्हणाल्या. तहाच्या वीस वर्षांत मिठाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच काही म्हटलं होतं. काकांना तेवढ्यावरून प्रकरण गंभीर आहे हे कळलं. ते संगणकवाल्यापुढे आले, त्याची दुसरी वाटी आपटून ठेवली आणि म्हणाले, “शनिवारपर्यंत काय ते कर. नाहीतर या एकोणीस पण तुझ्याच नावावर.”

*

करायचं काय हे त्याला ठाऊक होतं. ताईंना लिहिताना दुमडलेलं हवं आणि साहेबांना बघताना सरळ हवं. तर एक बटण द्यायचं. दाबलं की दुमडेल, पुन्हा दाबलं की उलगडेल. खोक्यालाच सांगायचं, आता दुमड, आता सोड. पाच मिनिटांचं काम.

पाच मिनिटांचं काम गुरुवारी संध्याकाळपर्यंत चाललं. ज्या साध्या भाषेत त्याने प्रोग्राम लिहिला होता, तिच्यात खोक्याची दुमड जन्माची असते. खोका बनवताना सांगितली तर आहे, नाही तर नाही. बनून गेल्यावर किती विनवा, तो हूं म्हणतो आणि होता तसाच बसतो. काही माणसं असतात तशी. संगणकवाल्याला आपल्या वडिलांची आठवण झाली.

वडील बदलत नसले की आई त्यांचा नाद सोडून दुसरी सोय करायची; शेवटी त्यानेही तेच केलं. एकाच्या जागी दोन. एका मापाचे दोन खोके केले आणि एकावर एक ठेवले. एक दुमडणारा, एक सरळ. बटण दाबलं की एक लपतो, दुसरा समोर येतो. बघणाऱ्याला वाटावं, तोच खोका वळला. आणि ताटं मोजताना दिसणाऱ्या ओळी मोजायच्या नाहीत, ताईंनी मारलेले एन्टर मोजायचे. माणसामागे एक एन्टर, आणि तो आकडा खोक्याखालीही दिसेल. बटणावर त्याने लिहिलं: ‘दुमड / उलगड’.

शुक्रवारी सकाळी ताई आल्या. आकड्यांचा हुकूम होता तरी त्यांनी चष्मा लावला आणि शेरे लिहायला घेतले. अर्धा तास लिहिलं. मग बटण दाबलं. पडदा लुकलुकला आणि समोर आली त्याने गुरुवारी चाचणीसाठी भरलेली मंगळवारची यादी.

मग शांतपणे हाक आली. “इंजिनीअर.”

तो धावत आला.

“मी आत्ता लिहिलं ते कुठे आहे?”

त्याने पडद्यावर बघितलं. “मागे आहे, ताई.”

“कुणाच्या मागे?”

“याच्या मागे. म्हणजे… खोके दोन आहेत. तुम्ही एकात लिहिलंत. आता दुसरा समोर आला. याचं त्याला सांगायचं राहिलं.”

“कुणी सांगायचं?”

“मीच.”

“म्हणजे शेजारी शेजारी दोन बायका बसवल्यास आणि एकीचं दुसरीला कळू दिलं नाहीस,” ताई म्हणाल्या. “असं घर चालतं का रे?”

त्याने पुन्हा बटण दाबलं. मागचा खोका पुढे आला. अर्ध्या तासाचं लिखाण जसंच्या तसं होतं. दोघांनीही एकदम श्वास सोडला. मग ताईंच्या शेजारी स्टुलावर बसूनच त्याने ती एक ओळ घातली: लपण्यापूर्वी आपल्यात जे आहे ते दुसऱ्याच्या हाती द्यावं, आणि मग लपावं. ताई चष्म्यावरून बघत होत्या.

“हे एवढंसंच राहिलं होतं?”

“एवढंसंच.”

“एवढंसंच राहतं,” ताई म्हणाल्या. “मी पण चिठ्ठीत तेच लिहिते.”

*

शनिवारी साहेब आले. मागे आचारीकाका डाव हातात घेऊनच उभे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण डाव असलेल्या माणसाला जा कोण म्हणणार?

संगणकवाल्याने उलगडलेली यादी दाखवली. बासष्ट खाटा, बासष्ट ओळी, नंबरामागे नंबर, सरळ. साहेबांनी बोट लावून मोजल्या. खालचा आकडा बघितला. बासष्ट. ‘हं’ म्हणाले.

“आणि हे बटण कसलं?”

साहेबांनी स्वतःच दाबलं. ओळी खाली घरंगळल्या, शेरे उघडे पडले. खालचा आकडा मात्र बासष्टच राहिला. संगणकवाला त्या आकड्याकडे बघत होता, ताई साहेबांकडे. साहेबांनी परत दाबलं. सरळ. परत दाबलं. दुमड. चार-पाच वेळा त्यांनी ते एवढ्या रसाने केलं, की काकांनी डाव दुसऱ्या हातात घेतला. मग एकदा दुमडलेलं असताना साहेब थांबले आणि तेवीस नंबरपाशी वाचू लागले.

“मास्तर,” ते म्हणाले. “मला शिकवायला होते हे. वही परत पाठवायचे. कशीही लिहा, परत.”

“मग तुम्ही काय करायचात?” ताईंनी विचारलं.

“दुसऱ्यांदा तीच द्यायचो.” साहेब खाकरले. आजूबाजूला बघून ते पुन्हा साहेब झाले. “एका खाटेला एक ओळ सांगितली होती मी. ती आहे. ओळ किती लांब असावी हे सांगितलं नव्हतं. चालू द्या.” दारातून वळून म्हणाले, “पण आकडा कागदावर नको. माणसाने माणसाला सांगावा. सुपाचं प्रकरण पुन्हा नको.”

सोमवारी आठला खिडकीतून आवाज आला, “बासष्ट!” आणि डाव एवढ्या जोरात आपटला, की वरच्या मजल्यावर मास्तर जागे झाले आणि त्यांनी चहा परत पाठवला.

*

संगणकवाल्याच्या वाट्या चालूच राहिल्या. रोज एक, काकांसमोर. काका भिंतीवर खडूने रेघ ओढत. पहिल्या दहा वाट्या त्याने तोंड वाकडं करून प्यायल्या. विसाव्या वाटीच्या सुमाराला ताई आपला डबा घेऊन शेजारी बसायला लागल्या. तिसाव्यानंतर कधीतरी तो सुट्टीची वाट बघायला लागला, पण हे त्याने कुणाला सांगितलं नाही. सुट्ट्या वगळता दोन महिन्यांत चाळीस रेघा झाल्या.

शेवटच्या वाटीच्या दिवशी तो जरा रुबाबातच आला. ताई वर गेल्या होत्या. काका भांडी बघत होते.

“काका, आणा. फिटू दे एकदा.”

“यादीत बघ,” काका पाठमोरेच म्हणाले. “मला यादीबाहेर काही वाढता येत नाही.”

तो ताईंच्या खोलीत गेला. पडद्यावर यादी उलगडलेली, सरळ. बासष्ट खाटा. बासष्टावा शेरा आखूड होता, आणि वेगळा एन्टर न मारता त्याच ओळीच्या शेपटाला ताईंनी काहीतरी लिहिलेलं दिसत होतं. कडेपर्यंत एवढंच वाचता येत होतं: ‘संगणकवाला. सूप बंद.’

त्याला एकदम चुकल्यासारखं वाटलं. मग आपल्याच बटणाची आठवण झाली. त्याने ‘दुमड’ दाबलं. ओळ कडेला पोचली, वळली आणि खाली आली.

‘एक वाटी बाकी. मागितली तरी देऊ नये. फिटली की खाली यायचा नाही.’